वेगळी भरलेली बॅग

बायकोने त्याचे शर्ट घडी घालून लहान निळ्या बॅगेत ठेवले आणि स्वतःचे कपडे मोठ्या बॅगेत. झालं ते एवढंच. बोटीवरची शेवटची दुपार होती, गोल खिडकीतून समुद्र वरखाली होत होता, आणि ती पलंगावर दोन बॅगा उघडून बसली होती. लग्न झाल्यापासून त्यांची बॅग एकच. खाली त्याचे कपडे, वर तिचे, कडेला कागदात गुंडाळलेले त्याचे बूट आणि बुटांच्या आत मोजे, कारण जागा वाया घालवणं दोघांनाही आवडायचं नाही. तिच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यातसुद्धा एकच बॅग गेली होती आणि तिच्या गाउनखाली त्याचा लेंगा होता. बोटीवर येतानाही मोठी बॅगच आणली होती. निळी तिच्या पोटात घडी करून आली होती, खरेदी झालीच तर असावी म्हणून. खरेदी काही फारशी झाली नव्हती.

"हे काय?" त्याने विचारलं.

"काय काय?"

"माझे कपडे वेगळे भरतेयस."

"उचलायला सोपं पडतं."

"कोणाला?"

"उचलणाऱ्याला," ती म्हणाली आणि त्याच्या पायजम्याची नाडी आत खोचून घडी घालू लागली.

उत्तर लगेच आलं, हेच त्याला खटकलं. त्याची सगळी नोकरी बंदरावरच्या कस्टममध्ये, टेबलाच्या अलीकडे उभं राहून परक्या माणसांच्या बॅगा उघडण्यात गेली होती. तिथे तो एक गोष्ट शिकला होता, ती म्हणजे निर्दोष माणूस अडखळतो. अचानक विचारलं की हे काय, तर तो बिचारा स्वतःच्याच टॉवेलकडे शेजाऱ्याचा असल्यासारखा बघत राहतो. ज्याच्या मनात काही असतं त्याचं उत्तर मात्र घरून इस्त्री करून आणलेलं असतं. कचेरीत त्याला सगळे 'नाक' म्हणायचे. नाकाला विचारा, नाकाची ड्यूटी आहे का आज, इथपर्यंत. त्याला त्याचा राग नव्हता. वरिष्ठांनी हे नाव घेतलं की तो मिशीतल्या मिशीत हसायचा. निवृत्त झाला तेव्हा टेबल गेलं, गणवेश गेला, पण नाक कोणी परत मागितलं नाही. आणि आता ते नाक म्हणत होतं, की कुठेतरी पाणी मुरतंय.

मुळात ही क्रूझच त्याला पहिल्यापासून पचली नव्हती. मुलीने फोनवर सांगितलं होतं, सगळं आम्ही करतोय, तुम्ही दोघांनी फक्त यायचं. कोणी फुकट बोलावलं की तो आधी दाराची कडी लावणारा माणूस. बोट मुलीच्याच शहरातून सुटणार होती आणि तिथेच परत येणार होती, आणि उतरलं की त्या दोघांनी दुपारच्या गाडीने आपल्या घरी जायचं, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे त्याला तसं सांगितलं होतं. ठरणं वेगळं आणि सांगणं वेगळं. बोटीवर मायलेकी वरच्या डेकवर कठड्याला टेकून तासन्‌तास बोलायच्या आणि हा चहाचे कप सांभाळत पोचला की अळीमिळी गुपचिळी. काय चाललंय, तर म्हणे समुद्र बघतोय. समुद्रात बघण्यासारखं असतं काय? काल तेच पाणी, आजही तेच. एकदा जेवताना बायको म्हणाली होती, "तिच्याकडची मागची खोली छान आहे, नाही? सकाळचं ऊन येतं." तेव्हा त्याने ते वाक्य नुसतं ऐकून सोडून दिलं होतं. आता त्याने ते पुन्हा बाहेर काढलं, उलटंपालटं करून बघितलं. सकाळचं ऊन म्हणे! ऊन त्यांच्याही घरी येत होतं. मागच्या बाल्कनीत, ती कुंड्यांना पाणी घालते तिथे, चांगलं दहा वाजेपर्यंत असायचं.

दार वाजलं आणि जावई आत आला, मागून नात. जावई माल वाहतुकीच्या कंपनीत कुठला ट्रक कधी सुटेल ते ठरवायचा आणि घरातही त्याच चालीवर बोलायचा. सासऱ्याने मनातल्या मनात त्याचं नावच वेळापत्रक ठेवलं होतं. नातीला सगळेच चिमणी म्हणायचे. वेळापत्रकाच्या हातात बॅगांना बांधायच्या जांभळ्या चिठ्ठ्या होत्या.

"जांभळा रंग आपला," तो म्हणाला. "सकाळी रंग पुकारतात, तसं उतरायचं. बॅगा जेवायला जाताना दाराबाहेर ठेवायच्या. बोटीची माणसं त्या घेऊन जातात आणि उद्या खाली शेडमध्ये मिळतात. म्हणून बाबा, रात्रीचे कपडे, सकाळी घालायचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट हे जवळच्या पिशवीत. दर फेरीला कोणीतरी पॅन्ट बॅगेत भरून पाठवतो म्हणे."

"मग तो कसा उतरतो?" चिमणीने विचारलं.

"टॉवेलात."

चिमणी पलंगावर लोळून हसली. बायकोही हसली. तो हसला नाही, कारण मोठ्या बॅगेवर चिठ्ठी आधीच बांधलेली होती आणि तिच्यावरचं अक्षर मुलीचं होतं. निळ्या बॅगेची चिठ्ठी कोरी.

"ही कधी लिहिली?"

"आईंची ना? हिने लिहिली मघाशी."

"आईंची?"

"म्हणजे... मोठी बॅग हो." वेळापत्रक अडखळला. सासऱ्याच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे अडखळणारा निर्दोष असायला हवा होता. पण नियम परक्यांसाठी असतात. "तुमची तुम्ही लिहा, बाबा. तुमचं अक्षर किती छान आहे." ही साखरपेरणी. "उद्या अगदी शांतपणे उतरायचंय. घाई नाही, गोंधळ नाही. आमची गाडी शेडबाहेर असेल आणि स्टेशनवर जायला टॅक्सी सांगितलीय."

"दोन गाड्या कशाला?"

"बॅगा आहेत ना एवढ्या."

बॅगा होत्या खऱ्या. आज ज्याला त्याला विचारावं तर उत्तर बॅगाच. ते दोघे गेल्यावर तो खुर्चीत बसून राहिला आणि बायकोचे हात बघू लागला. तिने स्वेटर ठेवला, शाल ठेवली, शालीत काहीतरी गुंडाळून मधोमध बसवलं. काय गुंडाळलं ते त्याला दिसलं नाही, कारण नेमकी त्याच वेळी ती बॅगेवर वाकली. की मुद्दाम वाकली? लग्नाच्या सुरुवातीला हे सगळं तिला गमतीचं वाटायचं. बाजारातून आली की दारातच पिशवी पुढे धरायची, दोन्ही हात वर करायची आणि म्हणायची, घ्या साहेब, झडती घ्या, आणि तो खोटा खोटा दरडावून पिशवीत हात घालायचा, आणि भाजीच्या तळाशी त्याच्यासाठी आणलेला दाढीचा ब्रश, सिगारेटचं पाकीट, असं एकेका दिवशी एकेक सापडायचं. 'माल जप्त,' तो म्हणायचा. काय हसायचे दोघं. हे कधी बंद झालं? त्याने पुष्कळ आठवून पाहिलं. तिने हात वर करणं बंद केलं असेल, पण त्याने पिशवीत हात घालणं काही बंद केलं नव्हतं, इतकंच त्याला नक्की आठवलं. घरात राहणाऱ्या माणसाला घरात काय येतंय जातंय ते माहीत असायला नको का? मुलगी कॉलेजात असताना सहलीहून आली, ती झोपल्यावर त्याने तिची बॅग बघितली होती, आणि त्यात काही नव्हतं, म्हणजे बघितली ते बरंच झालं, खात्री झाली. मुलगी अजून माहेरी आली की बॅग गाडीच्या डिकीतच ठेवते आणि लागेल तसं एकेक काढून आणते. तिची सवय. ज्याची त्याची सवय असते.

सरळ विचारावं असं एकदा त्याच्या अगदी ओठांवर आलं. अगं, तू उद्या माझ्याबरोबर येणार आहेस ना? एवढंच विचारायचं. पण विचारलं की समोरचा सावध होतो, हे त्याने नव्या पोरांना किती वेळा शिकवलं होतं. आधी बघायचं, मग विचारायचं. आणि शिवाय, खरी गोष्ट अशी की त्याला भीती वाटत होती. ती हो म्हणाली तर तो विश्वास ठेवणार नव्हता आणि नाही म्हणाली तर काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. तिच्याशिवाय ते घर त्याला डोळ्यांपुढे आणता येईना. चहाची पातेली कुठल्या कपाटात असते? रात्री दूधवाल्याची पिशवी दाराला कोण अडकवतं? सकाळी उठून तो कोणाला सांगणार की रात्री झोप लागली नाही? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्याचं मन तर पगार घेऊन चिंतायला शिकलेलं.

जेवायला जाताना त्याने स्वतःच दोन्ही बॅगा दाराबाहेर ठेवल्या. सगळ्या लांबलचक बोळात दारोदारी बॅगा उभ्या होत्या, आणि सवयीने तो चालता चालता त्यांच्याकडे बघत गेला. ही नवरा-बायकोची, ही एकट्या म्हाताऱ्याची, ही दोरीने बांधलेली म्हणजे बाटल्या आहेत. जेवणानंतर खालच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम होता. बोटीचे आचारी आणि खोल्या आवरणारे एका रांगेत उभे राहून गात होते, चिमणी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. बायको आणि मुलगी शेजारी शेजारी. मुलीने आईच्या हातावर हात ठेवला होता आणि तो काढत नव्हती.

"चष्मा विसरलो वर," तो म्हणाला. चष्मा त्याच्या खिशात होता.

बोळात कोणी नव्हतं. खालून गाण्याचा आवाज येत होता. तो मोठ्या बॅगेपाशी गुडघ्यांवर बसला. गुडघे कुरकुरले, पण बोटं काही विसरली नव्हती. चेन आवाज न करता सरकवली. कपड्यांच्या घड्या न मोडता हात कडेकडेने खाली घालायचा, तळ चाचपायचा, मग शिवणी, मग कप्पे. त्याच्या हातून गेलेली बॅग उघडली होती असं आजवर कोणी म्हणू शकलं नव्हतं, याचा त्याला केवढा अभिमान होता. स्वेटर. परकर. वासाच्या तेलाची बाटली, झाकणाला चिकटपट्टी. त्या तेलाचा वास त्याच्या नाकात गेला आणि क्षणभर त्याला आपण काय शोधतोय तेच कळेना. मग हात शालीपाशी आला. आत काहीतरी टणक. त्याने शाल उलगडली. काचेची इवलीशी बोट होती, बोटीवरच्याच दुकानातली, आणि तिच्या डोलकाठीला चिठोरा बांधलेला होता. वर बायकोचं अक्षर: 'शेजारच्या वहिनींना, झाडं सांभाळल्याबद्दल.'

तो तिथेच मागे टेकून बसला. शेजारच्या वहिनी म्हणजे त्यांच्या घराशेजारच्या. म्हणजे ती घरी येणार होती! नाहीतर भेट कशाला घेईल, आणि घेतली तरी त्याच्या बॅगेत नाही का घालणार? काच आहे, तिने सांभाळून स्वतःच्या हाताने द्यायची म्हणून स्वतःच्या बॅगेत ठेवली. त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. वेडा आहे मी, तो स्वतःला म्हणाला, सुतावरून स्वर्ग गाठतो. त्याने बोट होती तशी शालीत गुंडाळली, शाल होती तिथे बसवली, बॅग नीट बंद केली. तेवढ्यात बोळाच्या टोकाकडून खोल्या आवरणारा माणूस ढकलगाडी घेऊन आला.

"काही राहिलंय का साहेब आत? की नेऊ या?"

"न्या, न्या," तो उठत म्हणाला. "दोन्ही न्या. काही राहिलं नाही."

त्यानंतर तो फार चांगला वागला. कार्यक्रमात गाणं संपायच्या आधीच टाळ्या वाजवल्या, चिमणीला खांद्यावर घेतलं, वेळापत्रकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जावईबापू, सहल झकास झाली हो तुमची." जावई दचकला. बायकोने एकदा त्याच्याकडे वळून बघितलं. ती थोडी हसली होती. आणि ते हसू बघून त्याला वाटलं, परत गेल्यावर हिला घेऊन कुठेतरी जाऊ, दोघंच, एका बॅगेत. त्या रात्री त्याला पडल्या पडल्या झोप लागली.

सकाळी सगळं वेळापत्रकाप्रमाणे झालं. नाश्ता, खोलीतला शेवटचा फेरा, पलंगाखाली वाकून बघणं, ड्रॉवर उघडून बघणं. वरच्या दालनात आपापल्या रंगाची वाट बघत माणसं बसली होती, आणि खरंच एक गृहस्थ अंघोळीच्या पांढऱ्या झग्यात, पायांत बूट घालून, अतिशय गंभीर चेहऱ्याने वर्तमानपत्र वाचत होते. चिमणीला हसू आवरेना. "गप," आजी तिला म्हणाली, "त्यांचं काम झालंय, पॅन्ट पुढे गेलीय." तोसुद्धा खो खो हसला. जांभळा रंग पुकारला. दारात कार्ड दाखवायचं, यंत्र टिंग करायचं, की माणूस बोटीतून कमी झाला. उतरत्या पुलावर त्याने बायकोचा हात धरला. तिने हात काढला नाही.

खाली लांबच लांब शेड होती आणि रंगांप्रमाणे बॅगांच्या रांगा लावल्या होत्या. मुलगी चिमणीला घेऊन पुढे गेली, जावई ढकलगाडी शोधायला गेला. त्याने आपली निळी बॅग ओढून काढली. मोठी बॅग तिच्या शेजारीच होती. बायको तिच्याजवळ गेली, वाकली, आणि हँडलला हात न लावता तशीच थांबली.

"ही तुम्ही उघडली होतीत," ती म्हणाली.

"मी? छे. बोटीच्या माणसांनी उघडली असेल. तपासतात ते."

उत्तर लगेच आलं होतं. त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

"मी चेन कोपऱ्यात आणून सोडते," ती हळूच म्हणाली. आवाजात राग नव्हता. "नेहमीच. तुम्ही दोन्ही टोकं मधोमध आणता, अगदी हँडलच्या खाली. माझी पर्स मला तशी मिळते. कपाटातली माझी पिशवी तशी मिळते. इतकी वर्षं मिळतेय हो. मला वाटायचं, कधीतरी एखाद्या दिवशी ती कोपऱ्यातच राहिलेली सापडेल."

तो बॅगेकडे बघत राहिला. चेनीची दोन टोकं एकमेकांना अगदी बरोबर चिकटून होती.

"काही सापडलं?"

"नाही," तो म्हणाला.

"नव्हतंच काही." तिने पदर नसताना पदर सारखा करावा तसा दुपट्ट्याचा शेव खांद्यावर घेतला. "लेक म्हणत होती, आई, राहा आमच्याकडे आता. मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, बॅगा वेगळ्या भरते, त्यांच्या डोळ्यांसमोर भरते. त्यांनी मला तोंडाने विचारलं तर सगळं सांगेन आणि त्यांच्याबरोबर घरी जाईन. नाही विचारलं आणि बॅग नुसती राहू दिली, तरी घरीच जाईन. काल रात्री तुम्ही एवढे आनंदात होतात, मला वाटलं..." ती थांबली. "मी रागावलेली नाही. दमलेय फक्त."

शेडमध्ये बॅगांच्या चाकांचा खडखडाट चालू होता. कोणीतरी कोणाला तरी मोठ्याने हाका मारत होतं. वेळापत्रक ढकलगाडी घेऊन घाईघाईने आला.

"आई, तुमची बॅग टॅक्सीत ना? बाबांच्या बरोबर?"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं, आणि ती वाट बघते आहे हे त्याला समजलं. म्हणायचं तेवढं त्याला माहीत होतं. माझं चुकलं, चल. मुलं बोलतात तेवढे साधे शब्द. तिची गोष्ट खरी आहे हेही त्याला माहीत होतं, त्या बोळात त्याने ती स्वतःच्या हातात धरून बघितली होती, चिठोऱ्यासकट. त्याने तोंड उघडलं.

"खरंच येणार होतीस?" तो म्हणाला. "की हे आत्ता म्हणतेयस?"

तिने मान हलवली, कोणाला नाही म्हणण्यासाठी नव्हे, एखादी गोष्ट अखेर समजली की माणूस हलवतो तशी.

"तुमच्या गाडीत ठेवा," ती जावयाला म्हणाली. "मीच आणते, जड नाही."

जावयाने निळी बॅग तेवढी उचलून टॅक्सीवाल्याकडे दिली. दाराशी उभ्या असलेल्या मुलीला दुरूनच सगळं कळलं असावं, कारण ती पुढे आली नाही, चिमणीचा हात धरून तिथेच थांबली. बायको निघाली. त्याला रडायचं होतं, खरंच रडायचं होतं, तिच्या नावाने हाक मारायची होती. पण त्याची नजर बॅगेच्या दांड्यावरच्या तिच्या हातावर खिळली होती, तो कापतो की काय हे बघत. हात कापत नव्हता.